पी०७२५ आणि यवतेश्वरचा घाट

"दोघं जण बघून गेलेत. येईल त्या भावात देऊन टाकतो," असं म्हणत काकांनी गाडीची किल्ली माझ्या गॅरेजात येऊन हातात दिली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांनी जुनी का होईना, ऑटोमॅटिक गाडी शोधून घेतली होती. गाव बामणोलीकडं. म्हणजे समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट, पुढं कास, आणि मग खाली उतरायचं. ही गाडी गेली की काकांचं गावी जाणं दुसऱ्याच्या सवडीवर.

दुखणं असं होतं. साताऱ्यात पोवई नाका, गोडोली, दिवसभर फिरवा, काही नाही. घाट लागला की दोन-चार वळणांत हिसका बसायचा, चेक लाइट लागायची आणि गाडी तिसऱ्या गिअरला अडकायची. किल्ली बंद करून परत चालू केली की पुढच्या चढापर्यंत बरी. आधीच्या गॅरेजात बिघाडाचा कोड निघाला होता पी०७२५, म्हणजे इंजिनच्या वेगाच्या सिग्नलमध्ये गडबड. त्यांनी इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर बदलला. फरक शून्य. मग गिअरबॉक्स खोलायला सांगितलं, ८५,००० रुपये धरून चाला म्हणाले. पेन्शनवर चालणाऱ्या माणसाला असा आकडा सांगताना आपली खात्री पक्की हवी, असं मला मनापासून वाटतं.

मी आधी गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. लालसर, जळका वास नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतही क्लच प्लेटा असतात, त्या जळत असत्या तर तेलानंच सांगितलं असतं.

आता हा कोड म्हणतो काय, ते नीट समजून घ्यायला हवं. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलला, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरला, दोन वेग लागतात: इंजिन किती फिरतंय आणि इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या पलीकडं टर्बाइन किती फिरतोय. इंजिन २००० आणि टर्बाइन १९०० असेल तर १०० आरपीएमची घसर. त्यावरून लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरची घसर थांबवणारी पकड, कधी लावायचा, गिअर पडताना प्रेशर किती द्यायचं, हे ठरतं. यातला इंजिनचा आकडाच आला नाही तर हिशेबच मोडतो. मग मॉड्यूल गिअरबॉक्स वाचवायला एकच गिअर धरून बसतं. म्हणजे तिसऱ्याला अडकणं हा बचाव होता, बिघाड दुसरीकडंच होता.

आणि हा आकडा गिअरबॉक्समध्ये तयार होतच नाही. क्रँक सेन्सर तो इंजिनच्या मॉड्यूलला देतो, तिथून तो पुढं येतो. नव्या गाड्यांत कॅन लाइनवरून, म्हणजे सगळ्या मॉड्यूलच्या सामायिक तारांवरून येतो. काकांच्या या जुन्या चार गिअरच्या गाडीत त्यासाठी एक वेगळी वायर होती.

मी स्कॅनर लावला. नुसतं इंजिन वाचणारा स्वस्तातला स्कॅनर इथं उपयोगाचा नाही, गिअरबॉक्सचं मॉड्यूल उघडणारा हवा. काकांना शेजारी बसवून घाटात गेलो. हिसका बसला तेव्हा इंजिनच्या मॉड्यूलमध्ये २१०० दिसत होते, डॅशबोर्डचा काटाही तिथंच, आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये ०. क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड कुठंच नव्हता. सेन्सर आधीपासूनच चांगला होता. आकडा निघत होता, पोचत नव्हता.

गॅरेजात परत येऊन दोन्ही मॉड्यूलचे कपलर, म्हणजे वायरिंगचे प्लग, काढले आणि वायर मीटरवर तपासली. कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग असणं, चोख. इथंच बरेच जण फसतात. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, दोन तारा शिल्लक असल्या तरी तो वायरला पास करतो. म्हणून दोन्ही टोकं सुटी असतानाच त्या वायरमधून सप्लाय देऊन २१ वॅटचा बल्ब लावला. बल्ब मिणमिणला. मॉड्यूल जोडलेलं असताना हे चुकूनही करू नका, मॉड्यूल जाईल.

वायर खराब हे कळलं, पण घाटातच का तुटते? कपलर परत जोडले. सिग्नलच्या वायरवर मीटर फ्रिक्वेन्सीला लावला. या गाडीत एका फेऱ्याला दोन पल्स, म्हणजे उभ्या गाडीत ७५० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला २५ पल्स, २५ हर्ट्झ. आकडा बरोबर होता. मग गॅरेजातल्या पोराला ब्रेक घट्ट दाबून 'डी' टाकायला आणि जरासा अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगितलं. इंजिन मागं कललं, जरा जास्तच कललं, आणि मीटर शून्यावर. 'आर' टाकल्यावर इंजिन उलटं कललं, आकडा परत आला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

"दादा, माउंटिंग गेलंय," पोरगं म्हणालं. बरोबर बोललं. इंजिनला धरून ठेवणारं मागचं रबरी माउंटिंग फाटलं होतं. चढाला जोर लागला की इंजिन झुकायचं आणि बॅटरीच्या ट्रेखालून जाणारं वायरिंग ताणलं जायचं. ट्रे काढला. बॅटरीचं पाणी वर्षानुवर्षं खाली झिरपत होतं. वायरचं वरचं प्लास्टिक शाबूत, पण बोटांत दाबल्यावर आत भुगा लागला. सोलून पाहिलं तर तांबं हिरवं पडून गेलेलं.

पिळून टेप गुंडाळायचं काम मी करत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्हीकडून कापलं, नवा तुकडा सोल्डर केला, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि वायरिंगला थोडी ढील ठेवून ते ट्रेपासून लांब बांधलं. ट्रे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतला. माउंटिंग नवं टाकलं. सगळं मिळून ४,६०० रुपये.

दुसऱ्या दिवशी काकांनाच चालवायला दिली. मी स्कॅनर मांडीवर घेऊन बसलो. घाटभर दोन्ही मॉड्यूलचे आकडे बरोबरीनं चढत-उतरत राहिले. वर यवतेश्वर ओलांडून सपाटी लागली तसा चौथा पडला, लॉकअप लागला आणि घसर जवळजवळ शून्यावर आली. काकांनी विचारलं, "मग गिअरबॉक्सचं काय करायचं?"

"त्याला हातही लावायचा नाही, काका. बॅटरीखाली ओल दिसली तर तेवढं मला दाखवा."

ते गाडी वळवायच्या विचारात नव्हतेच. "आलोच आहोत तर कासपर्यंत जाऊ," म्हणाले. मी स्कॅनर बंद केला आणि काच खाली घेतली.