दहा मायक्रॉनसाठी सहा महिने

सातव्या सेमिस्टरला वर्ग नाहीत, सहा महिने कारखान्यात जायचं, हे कळल्यावर आम्ही सगळेच खूश होतो. मग कागदपत्रं सुरू झाली. अर्ज, मुलाखत, कॉलेज-कंपनी-विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांचा करार, अपघात विमा, गुप्ततेचं हमीपत्र. यातला प्रत्येक कागद कुणाच्या तरी टेबलावर अडतो आणि मागे लागायचं काम आपलंच असतं, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुलाखतीतला एकच प्रश्न लक्षात आहे: मायक्रोमीटरचा (जाडी-व्यास बारकाईने मोजायच्या उपकरणाचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती? "०.०१ मिलिमीटर," मी झटकन म्हणाले. "व्हर्निअरवाल्याचा ०.००१ पण असतो," समोरचे म्हणाले, आणि तरीही त्यांनी मला घेतलं.

पहिले दोन दिवस सुरक्षेचं प्रशिक्षण. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हे मला उलटंच वाटलं होतं. फिरत्या जॉबात, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यात, हातमोजा अडकला की हातही त्याच्यासोबत ओढला जातो, हे ऐकल्यावर तो नियम आयुष्यभर विसरणार नाही.

त्यानंतर महिनाभर स्टोअर. इन्सर्टचे (कापायच्या हत्याराच्या बदलत्या टोकांचे) डबे, गेज, जुने मास्टर (माप ताडून बघायचे अचूक नमुने) मोजायचे आणि एक्सेलमध्ये भरायचे. लॉगबुकमध्ये रोज तेच वाक्य: 'स्टोअरमधील साहित्याची मोजणी केली.' कॉलेजच्या मार्गदर्शक सरांचा फोन यायचा, "काय, शिकतेयस ना?" "हो सर." संपलं. त्या रिकाम्या दिवसांत रिपोर्टच्या प्रस्तावनेसाठी वाचत होते. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायची पद्धत अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सुरू केली. त्यांच्या मुलांनाही आधी डबेच मोजायला लावले होते का, कुणास ठाऊक!

कंपनीवर चिडण्यात अर्थ नव्हता. आपल्यासाठी कुणी प्रोजेक्ट तयार करून ठेवलेला नसतो आणि मी तो मागितलाही नव्हता. शेवटी एकदा धीर करून सुपरवायझरना विचारलं, "सर, सध्या तुमची सगळ्यात मोठी डोकेदुखी कुठली?" त्यांनी काही न बोलता लाल पेटीकडे बोट दाखवलं.

लाल पेटी म्हणजे रिजेक्शन. त्यात एकाच प्रकारचे शाफ्ट होते, ६० मिलिमीटर व्यासाचे, एकूण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). जवळजवळ सगळे अंडरसाइज. शाफ्ट मोठा राहिला तर पुन्हा मशीनवर लावून घासता येतो, पण बारीक झाला की भंगार. गंमत म्हणजे मशीनजवळच्या नोंदीत हेच जॉब बरोबर होते आणि क्वालिटीच्या खोलीत गेले की नापास. मशीनवाले म्हणायचे, क्वालिटीचं मोजमाप चुकतं. क्वालिटीवाले म्हणायचे, मशीनवाले डोळे मिटून आकडे भरतात.

दोन आठवड्यांच्या नोंदी शिफ्टप्रमाणे वेगळ्या काढल्या तर सेकंड शिफ्टला रिजेक्शन बरंच कमी निघालं. 'फर्स्ट शिफ्टमध्ये निष्काळजीपणा' असं मी कच्च्या टिपणात लिहूनही टाकलं होतं. नशीब, ते कुणाला दाखवलं नाही.

मग अख्खी सेकंड शिफ्ट त्या मशीनच्या ऑपरेटर काकांजवळ उभी राहिले. ते मला 'मॅडम' म्हणायचे, म्हणजे चार हात लांबच ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी एक जॉब मोजून टेबलावर ठेवला. सुट्टीनंतर मी सहज तोच पुन्हा मोजला. नऊ मायक्रॉन कमी! माझाच हात चुकला असेल म्हणून परत मोजला. तेच.

काका हसले. "गरम होता ना तो. थंड झाला, आखडला. मी ऑफसेट जरा वरच ठेवतो." म्हणजे मशीनवर माप मुद्दाम थोडं मोठं लावायचे.

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

हे गणित मी दुसऱ्या वर्षात सोडवलं होतं आणि त्यात मार्कही मिळवले होते. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. जॉब १५ अंशांनी जास्त गरम असेल तर ६० मिलिमीटरला दहा मायक्रॉनचा फरक, म्हणजे निम्मा टॉलरन्स तिथेच गेला. लांबी मोजायचं प्रमाण तापमान २० अंश, हे १९३१ मध्येच ठरलेलं आहे. क्वालिटीची खोली त्या तापमानाला होती, मशीन नव्हतं. शिफ्ट सुरू होताना कूलंट (जॉब थंड ठेवायला सोडतात ते द्रावण) थंड असायचं म्हणून पहिले जॉब ठीक यायचे, पुढे टाकी तापत जायची आणि जॉबही. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर प्लास्टिकच्या पट्ट्या हाताची ऊब लागू नये म्हणून असतात, हेही मला तेव्हाच कळलं. पकडायला सोपं जावं म्हणून असतील, असं मी समजत होते.

जॉब थंड होईपर्यंत थांबणं हा उपाय नव्हता, कारण तोवर पुढचे दहा-बारा जॉब निघालेले असतात. काकांसारखा अंदाजाने ऑफसेट ठेवणं प्रत्येकाला जमणार नाही. मी सुचवलं ते असं: त्याच पोलादाचा, ६० मिलिमीटरचा मास्टर कूलंटमध्येच ठेवायचा आणि डायलचा शून्य त्यावर लावून जॉब मोजायचा. मास्टर आणि जॉब सारखेच तापलेले असले की वाढ दोन्हीकडे सारखीच होते आणि वाचनातून निघून जाते. पद्धत काही माझी नव्हे, मापनशास्त्रातली जुनीच. पण असा मास्टर स्टोअरच्या तिसऱ्या रॅकवर पडून आहे, हे फक्त मला माहीत होतं. डबे मीच मोजले होते ना.

त्याच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासून घेण्याची) मुदत मात्र उलटून गेली होती. तो बाहेर पाठवायचा तर मंजुरी, चलन, पुन्हा सह्या. हे सगळं होईस्तोवर माझे सहा महिने संपत आले.

रिपोर्टमधून कंपनीने ड्रॉइंग आणि पार्ट नंबर काढायला लावले. हमीपत्रावर सही केली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती, पण हे पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं असतं तर दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली नसती. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "यात तुझं डिझाइन कुठलं?" डिझाइन नव्हतंच. मी त्यांना दोन आकडे दाखवले, सुट्टीआधीचा आणि सुट्टीनंतरचा. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सुट्टी किती वेळाची होती?" अर्धा तास, मी म्हणाले.

शेवटच्या पेपरनंतर आठवड्याने काकांचा फोन आला. "पोरी, तुझा मास्टर आला बघ. उद्या लवकर जाऊन फर्स्ट शिफ्टवाल्यांना दाखवतो."