शेवटी चार पानं वाढली तेव्हा

सेंटर पिनच्या अंकात, म्हणजे कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारलेल्या अंकात, पानं चारच्या पटीतच वाढतात, हे आता नवख्या प्रकाशकांनाही ठाऊक असतं. ती नेमकी कुठे वाढवायची, याचा विचार मात्र छपाईच्या प्लेट काढायच्या दिवशी सुरू होतो.

दोघी मुलींनी स्वतःच्या पैशांनी काढलेलं सुपरहिरो कॉमिक. आत 28 पानं, कव्हर वेगळं. एक नायिका 1897 च्या प्लेगच्या पुण्यात उतरते, दुसरी आजच्या पुण्यातून तिला खेचते. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रुग्णांची सेवा करता करता 10 मार्चला गेल्या. ती तारीख बदलायची ताकद अंगात आहे, पण बदलायची का, हा गोष्टीतला पेच. मधल्या जोडपानावर, 14-15 वर, दोघी एकमेकींचा हात धरतात. शिवाय पिना काढून सर्वांत बाहेरचा कागद उलगडला, की पान 28 आणि पान 1 मिळून एकच चित्र होतं. बाइंडिंग डोक्यात ठेवून चित्र काढणारे क्वचितच भेटतात; इथे ब्लीडचे, म्हणजे कटिंगसाठी चित्र पानाच्या कडेबाहेर वाढवायचे, तीन मिलिमीटर मागून मागून जीव जातो.

ऐन वेळी पुढच्या अंकाची झलक आली, चार पानं. निरोप होता, ‘शेवटी जोडा’. तसं केलं असतं तर मध्य 16-17 वर सरकला असता. 14 आणि 15 वेगवेगळ्या कागदांवर गेली असती. घडी मिलिमीटरभर हलली की मनगट तुटलं, वर दोन कागदांवर शाईची छटा वेगळी पडून एक हात लालसर, दुसरा पिवळट. पान 1 ची जोडी झलकेच्या शेवटच्या पानाशी लागली असती ती वेगळीच.

हिशेब सोपा आहे. कागदाच्या एका बाजूला शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त. 28 पानांना 29, 32 ला 33. म्हणून दोन पानं पुढे, दोन मागे. 14-15 चे 16-17 झाले, 1-28 चे 3-30. जोड्या शाबूत, डावं-उजवंही तेच, त्यामुळे पान उलटल्यावर बसणारे धक्के जागच्या जागी राहिले. कागद मात्र सातचे आठ झाले. आतले कागद बाहेर सरकून कटिंगला जास्त छाटले जातात, म्हणून मधल्या पानांवरचे संवादांचे फुगे कडेपासून आत घेतले. तेव्हा दिसलं, की ओळ भरायला कोणीतरी अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलंय. रोमनला खपतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि आरोळी ठोकणारी नायिका चाचरत बोलल्यासारखी वाटते. सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास हे कधी सांगतात कोण जाणे.

राहिली एक अडचण. पुढच्या अंकाची दोन पानं आता गोष्टीच्या आधी येत होती. चित्रकार मुलगी म्हणाली, “काका, काळप्रवासाचंच कॉमिक आहे. भविष्य आधी दिसलं तर बिघडलं कुठे?” छापलं.

आता विक्रेते ‘पानं उलटसुलट लागलीत’ म्हणत प्रती परत करतात. झलकेऐवजी श्रेयनामावली आणि मागच्या अंकाचा सारांश पुढे घेतला असता तर? पण तो मजकूर कव्हरच्या आतल्या बाजूला गेला होता, आणि कव्हर आदल्या दिवशीच छापून, लॅमिनेट होऊन आलं होतं.