कांद्याचे 16 क्रोमोझोम आणि माझी आजी

मी गोव्यातल्या डिचोलीची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्लिश. त्यामुळे बारावीत बायोलॉजी मी अक्षरशः घोकली, डेफिनिशन स्वल्पविरामासकट पाठ. आणि पहिल्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, आपटले. बायोलॉजीला 360 पैकी 212, आणि हाच माझा आवडता विषय बरं का! वर्षभर घरी बसून परत द्यायची ठरवली.

पहिल्याच सराव पेपरात प्रश्न होता, कांद्याच्या मुळाच्या पेशीत 16 क्रोमोझोम (डीएनएचे गुंडाळलेले धागे) असतात तर एस फेज, म्हणजे पेशी दुभागण्याआधी डीएनएची नक्कल होते तो टप्पा, संपल्यावर किती? मी डोळे झाकून 32 ठोकलं, डीएनए डबल होतो म्हणजे क्रोमोझोमपण डबल, ह्यात विचार कसला करायचा? चूक, चार मार्क गेले आणि वर एक मायनस. उत्तर 16च. सोल्यूशन चार वेळा वाचलं, डोक्यात काही शिरेना.

मग चिडून आजीलाच सांगायला बसले, मराठीत. ती केळी सोलत होती आणि त्यात एक जुळं निघालं. मी म्हटलं, आजी हे एक की दोन? "एकच गो, साल एक आहे ना." बस्स! एस फेजनंतर क्रोमोझोम असाच जुळा होतो, आतला माल डबल पण दोन्ही प्रती जोडणारा सांधा, म्हणजे सेंट्रोमिअर, एकच, आणि मोजायचं ते सेंट्रोमिअरवरून. अ‍ॅनाफेजला तो फुटून दोन प्रती वेगळ्या झाल्या की मग 32, तेसुद्धा पेशीचे दोन भाग होईपर्यंतच. वर्षभर जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं.

तेव्हापासून नियमच केला, जे आजीला सांगता येत नाही ते मला आलेलं नाही. तिला मायटोसिस (पेशीविभाजन) वगैरे शब्द चालायचे नाहीत त्यामुळे पळवाटच नव्हती.

सगळ्यात मजा नारळावर आली. आजी आदोळीवर बसून खोवत होती आणि मी डबल फर्टिलायझेशन सांगत होते. परागनळीतून दोन नर येतात, एक अंड्याला मिळतो त्याचा गर्भ होतो, दुसरा मधल्या दोन पोलर न्यूक्लियसना (केंद्रकांना) मिळतो, म्हणजे एक अधिक दोन, क्रोमोझोमचे तीन सेट, ट्रिप्लॉइड, आणि त्यातून बाळाचा डबा तयार होतो तो एंडोस्पर्म. आडसराचं (कोवळ्या नारळाचं) पाणी म्हणजे हाच डबा, फक्त न्यूक्लियस तरंगतायत आणि मध्ये भिंती नाहीत, भिंती झाल्या की खोबरं. आजी खोवायची थांबली. "म्हणजे बाळाचं जेवण आपण आमटीत घालतो?" हो! आणि बाळ कुठे, तर डोळ्यापाशी खोबऱ्यात रुतलेला तो एवढासा कोंब. मोड आलेल्या नारळात पाण्याच्या जागी जो गोड स्पंजासारखा गोळा मिळतो आणि ज्याच्यावरून आम्ही भावंडं भांडायचो, तो त्याच बाळाचा वाढलेला कॉटिलेडन (बीजपत्र), खोबरं शोषून घेणारा. हे कळल्यावर मला जरा वाईटच वाटलं, खरं सांगते.

अ‍ॅनिमल किंगडमला मासळी कामी आली. बांगड्याच्या कल्ल्यांवर झाकण, मोरीला (शार्कला) नुसत्या उघड्या फटी, बांगड्याला काटे आणि मोरीचा सांगाडा मऊ, लवचिक कुर्चेचा. शिवाय मोरीला एअर ब्लॅडर, म्हणजे पोटातला हवेचा फुगा, नाही म्हणून ती पोहत राहते, थांबली तर खाली जाते. प्लांट फिजिओलॉजी मात्र मुकाट्याने पाठ केली, आजीला त्यात काडीचा रस नव्हता.

दुसऱ्या वेळी बायोलॉजीला 309 आले. फिजिक्सने पाय ओढलेच, त्याची आजी मिळाली नाही.

परवा बाजारात आजी मासळीवालीला सांगत होती, "ह्या मोरीला फुगाच नसतो गो, थांबली की बुडते." मासळीवाली म्हणाली, "बुडूंदे, किलो घालूं की अर्धो?"