ओट्यावरची सावली

सुरी बोटाला लागली त्या संध्याकाळी मी ओट्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. स्वयंपाकघरात उजेड भरपूर होता. छताच्या मधोमध गोल पॅनेल आणि मागच्या भिंतीवर ट्यूबलाइट. तरी चिरायच्या पाटावर माझ्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली पडली होती आणि माझे हात बरोबर त्या सावलीत होते. आई किती दिवस म्हणत होती, "इथं मला दिसत नाही गं," आणि मी तिला चष्म्याचा नंबर तपासायला सांगत होते. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोचतो, हे मला नंतर वाचून कळलं. नंबर बरोबर असूनही तिला खरोखरच दिसत नव्हतं.

सगळे करतात तेच मी आधी केलं. जास्त वॅटचा दिवा आणला. 24 वॅटचं, पांढऱ्याशुभ्र उजेडाचं पॅनेल जुन्याच जागी बसवलं. फरशी लखलखली, फ्रिजचं दार चमकायला लागलं आणि पाटावरची सावली होती तिथेच राहिली. भोवतालच्या झगझगाटात ती उलट आणखी काळी वाटू लागली. आपण ओट्याकडे तोंड करून उभे राहतो, दिवा पाठीशी असतो. तो कितीही मोठा केला तरी मध्ये आपणच उभे असणार.

मग अभ्यासाला बसले. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते ल्युमेन सांगतात आणि तो उजेड प्रत्यक्ष कामाच्या जागी किती पोचला ते लक्स. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. बारीक काम होतं तिथे 300 ते 500 लक्स असावेत असं सर्वसाधारणपणे सांगतात. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेतलं. असं ॲप काटेकोर नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. पॅनेलच्या खाली, खोलीच्या मधोमध जिथे कुणी काहीच करत नाही, तिथे आकडा 400 च्या पुढे गेला. पाटावर मोबाइल ठेवून नेहमीसारखी उभी राहिले तर तो 90 वर आला.

तेव्हा दिवा डोक्याच्या मागून काढून हातांच्या वर आणायचा, हे ठरलं. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडीची पट्टी लावायची. आमचा ओटा तीन मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 1.8 चौरस मीटर. 500 लक्स हवे तर 900 ल्युमेन ओट्यावर पडायला हवेत. पट्टीवरच्या झाकणात थोडा उजेड अडतो, थोडा भिंतीवर जातो, म्हणून मी दुप्पट धरले. 1800 भागिले 3, म्हणजे मीटरमागे 600 ल्युमेन. कागदावरचा हा एवढा हिशोब मला फार उपयोगी पडला, कारण त्यानंतर दुकानात कुणी "ही पट्टी जोरदार आहे" म्हटलं की मी मीटरला ल्युमेन किती, एवढंच विचारायचे. बऱ्याच डब्यांवर तो आकडाच नव्हता. तसले डबे मी परत ठेवले.

पहिली पट्टी मात्र हा हिशोब करण्याआधीच घेतली होती आणि तिने बरंच शिकवलं. 12 व्होल्टची, मागे डिंक लावलेली, ती थेट लाकडाला चिकटवली. एका टोकाला वीज दिली, तर दुसऱ्या टोकाचा उजेड मंद आणि किंचित लालसर. गुळगुळीत ओट्यात प्रत्येक ठिपक्याचं प्रतिबिंब पडे आणि खाली पाहिलं की डोळ्यांत टोचे. शेगडीजवळचा भाग काही आठवड्यांत सुटून लोंबायला लागला. एलईडीच्या उजेडात उष्णता फारशी नसते, म्हणून लोक समजतात की तो तापत नाही. पण उजेड देणारी चिप, म्हणजे पट्टीवरचा प्रत्येक ठिपका, मागच्या बाजूने तापते आणि ती उष्णता बाहेर काढायला धातू लागतो. लाकूड ती धरून ठेवतं. चिप तापत राहिली की उजेड लवकर उतरतो.

दुसऱ्या वेळी 24 व्होल्टची पट्टी घेतली. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा, त्यामुळे टोकापर्यंत उजेड सारखा. ती बसवायला ॲल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे लांब खाचेची पट्टी, आणि त्यावर दुधाळ झाकण. झाकणामुळे ठिपके विरघळून एकसंध रेघ दिसते, आणि तेलकट वाफ चढली तरी ओल्या फडक्याने पुसता येतं. मीटरला 10 वॅट, म्हणजे तीन मीटरला 30. घरातली वीज पट्टीला लागणाऱ्या 24 व्होल्टवर आणणारा डबा म्हणजे ड्रायव्हर. तो कधी काठोकाठ भरायचा नाही, म्हणून 40 वॅटचा घेतला आणि हवा लागेल, हात पोचेल अशा जागी ठेवला. डब्यावर 25,000 तास लिहिलेलं असलं तरी ते बहुधा चिपचा उजेड 70 टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. त्याआधी बहुतेक वेळा ड्रायव्हरच जातो. तो कपाटाच्या मागे कायमचा बंद करून टाकला तर पुढे कपाटच उतरवावं लागतं.

उजेडाच्या रंगाने मात्र माझे सगळ्यात जास्त दिवस घेतले. केल्विनचा आकडा त्या मानाने सोपा आहे: 2700 पिवळसर, 6500 निळसर पांढरा. आम्ही 4000 घेतला. खरा प्रश्न सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात याचा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन पांढरा उजेड मिळवतात, आणि या जुळवणीत लाल रंग तोकडा पडतो. त्यातून सीआरआय काढताना फक्त आठ फिक्या रंगांची सरासरी घेतात. गडद लाल, ज्याला आर-9 म्हणतात, तो त्यात धरतच नाहीत. म्हणून 80 सीआरआय छापलेल्या दिव्याचा आर-9 शून्याच्या आसपासही असू शकतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोन नमुने आणले, एक 80 चा आणि एक 90 चा, आर-9 पन्नासच्या वर लिहिलेला. एकच टोमॅटो अर्धा कापून दोन्हींखाली धरला. पहिल्या उजेडात त्याची साल विटकरी आणि आतला गर राखाडी, शिळा वाटत होता. दुसऱ्याखाली तोच टोमॅटो रसरशीत लाल, आणि देठापाशी कच्चा राहिलेला पिवळसर भाग स्पष्ट उठून दिसला. आई शेजारी उभी होती. "अगं, हा तर पूर्ण पिकलेलाच नाही," ती म्हणाली. 90 चा थोडा महाग पडतो आणि तेवढ्याच वॅटला उजेडही जरा कमी देतो. तरी ज्या खोलीत आपण ताजं-शिळं, कच्चं-पक्कं डोळ्यांनी ठरवतो, तिथे यात काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक तपासणी घरीच होते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करायचं. वीज 50 हर्ट्‌झची असेल तर हलक्या प्रतीचा ड्रायव्हर सेकंदाला 100 वेळा उजेड कमीजास्त करतो आणि चित्रात पट्टे पळताना दिसतात. एका नमुन्यात ते इतके ठळक होते की मी तो लगेच परत केला. अशा उजेडात फिरणारं पातं संथ किंवा थांबल्यासारखं भासू शकतं, आणि स्वयंपाकघरात तेवढी फसगत पुरे आहे.

पट्टी बसवायला आलेले वायरमनकाका ती भिंतीच्या बाजूला लावत होते. "ताई, पुढे लावली तर दिसेल," ते म्हणाले. मी आधी नुसती चिकटपट्टीने तात्पुरती लावून दोन्ही जागा पाहिल्या. मागे लावली की टाइल्स उजळतात आणि हातांची सावली आपल्याकडे येते. पुढच्या कडेला, किंचित आत तिरकी लावली की उजेड छातीच्या पुढून थेट हातांवर उतरतो. काकांनी स्वतः पाटावर हात ठेवून पाहिला आणि मग कपाटाला खाली चार सेंटिमीटरची लाकडी पट्टी ठोकून दिली, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिवा येत नाही.

पाटावर आता 480 च्या आसपास आकडा येतो. छतावरचं पॅनेल उतरवून तिथे 12 वॅटचं साधं लावलं, वेगळ्या बटणावर. रात्री पाणी प्यायला उठलं तर तेवढंच लागतं. आई सकाळी आता ओट्याचं बटण आधी दाबते. शेगडीवरच्या चिमणीतला दिवा अजून जुनाच, निळसर आहे. या उजेडाशेजारी तो डोळ्यांना खटकतो, तेव्हा तो बदलायचा आहे. त्याच लॉटची मीटरभर पट्टी जास्तीची घेऊन खणात ठेवली आहे, कारण पुढे एखादा तुकडा गेला तर नव्या लॉटचा पांढरा रंग याच्याशी जुळेलच असं नाही.