तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला नंबर कुणाचा

"सगळ्यांत भारी पॉप गाणं कोणतं हो?" लग्नात विचारतात, सत्यनारायणाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. मी विषय बदलतो. मग ठरलेला टोला येतो: "एवढे गाणीवाले तुम्ही, त्यात लताबाईंच्या जन्मगावचे, आणि एक नाव सांगता येत नाही?"

येतं की. अठराव्या वर्षापासून येतं. तीच तर अडचण आहे. आणि लताबाई 1929मध्ये इंदूरला जन्मल्या, त्यात माझं कर्तृत्व काय?

फारच गळ्याशी आलं की मी 'रोलिंग स्टोन' मासिकाचा दाखला देतो. त्यांच्या 2004च्या पाचशे गाण्यांच्या यादीत बॉब डिलन पहिला होता. 2021मध्ये त्यांनी नव्यानं मतं घेतली, तर अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' पहिलं आणि डिलन चौथा. गाणी दोन्ही साठच्या दशकातली, मधल्या सतरा वर्षांत त्यांचा एक सूर हललेला नाही. हललं ते मतदारांचं मन. ऐकणारे मान डोलावतात आणि माझी सुटका होते. पण ही पळवाट आहे, हे मलाही कळतं.

खरं कारण डिसेंबर 1991चं आहे. 24 नोव्हेंबरला 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला होता. हा मूळचा फारुख बलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे वाचून आम्हाला घरचंच कुणी गेल्यासारखं झालं. आम्ही चौघं. रात्री सराफ्यात दुकानांची शटरं पडली आणि खाण्याचे ठेले लागले की जमायचो. त्या थंडीत ठरलं, वर्गणी काढून एक कॅसेट भरून घ्यायची: सर्वकालीन श्रेष्ठ गाणी, आमच्या मते. तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीत एक जण कागदावर यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आजच्या पोरांना ही गंमत सांगून कळायची नाही. श्रेष्ठत्वाला फीत पुरावी लागायची.

हिशेबनीस मी. वहीत प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद. दुसऱ्या बाजूला शेवटी साडेपाच मिनिटं उरली आणि गाणी उरली दोन. माझं, म्हणजे फ्रेडीचं 'बोहेमियन रॅप्सोडी', पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. आणि चौघांतल्या एकाचं, 'आबा' या बँडचं 'डान्सिंग क्वीन', चार मिनिटांच्या आत. (त्याचं नाव लिहीत नाही. तो हे वाचेल.)

सरळ हिशेबानं त्याचं गाणं बसत होतं. माझं बसत नव्हतं. म्हणून मी हिशेब सोडून वाद काढला.

"काय आहे तुझ्या त्या गाण्यात? सतरा वर्षांची पोरगी नाचते. बस."

तो म्हणाला, "भिया, तेवढंच आहे. तेच तर आहे."

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. आजही नाही. मग मी जे केलं ते असं: त्याला म्हटलं, गाऊन दाखव. मी मिशनच्या शाळेतला, तो मराठी शाळेतला, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. त्यानं हातातला गराडूचा द्रोण खाली ठेवला आणि गायला. चाल शंभर टक्के. आवाज तर माझ्यापेक्षा कितीतरी गोड. शब्द मात्र अर्धे इंग्रजी, अर्धे कशाचेच नाहीत. एका ओळीत टँबरीन, म्हणजे खंजिरीसारखं वाद्य, येतं. तो म्हणाला टमरीन. मी म्हटलं, "टमरीन नाही रे, टमरेल!"

सगळे हसले. शेजारच्या ठेल्यावरचं एक अनोळखी मराठी कुटुंबसुद्धा हसलं. तोही थोडा हसला, म्हणजे ओठ हलवले. एरवी पैसे द्यायची वेळ आली की तो किशोरकुमारचं 'पाँच रुपैया बारह आना' गुणगुणायचा, कारण गाण्यातली ती रक्कम म्हणजे किशोरकुमारची उधारी, म्हणे इथल्याच क्रिश्चियन कॉलेजच्या कँटीनमधली. त्या रात्री त्यानं चौघांचे पैसे न गुणगुणता दिले. पुढे कॉलेजभर त्याला टमरेल हेच नाव पडलं. मी ते पुन्हा एकदाही उच्चारलं नाही, हे मी बरीच वर्षं स्वतःच्या बाजूनं मांडत आलोय. लावलं कुणी होतं पण?

कॅसेटवर माझंच गाणं गेलं. फितीला थोडी जास्तीची लांबी असते, या भरवशावर मी जुगार खेळलो. शेवटचा गाँग वाजायच्या आत फीत संपली. खट्. चार जणांची वर्गणी आणि नाक कापलेलं गाणं. आणि ज्याच्या पायी दुसरं गाणं मुळातच गेलं, ते हे.

नंतर वाचत गेलो तसतसा जास्तच अडकलो. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरावर बसलेल्या 'बोहेमियन'ला जानेवारी 1976मध्ये खाली ओढलं ते आबाच्याच 'मामा मिया'नं, आणि हे दोन शब्द 'बोहेमियन'मध्येही आहेत! आबाचा चमू स्वीडनचा, इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हे. आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला 'येस्टरडे'ची चाल झोपेत सुचली, तेव्हा शब्द नव्हते म्हणून तो 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' म्हणत ती गात होता. चक्क अंडाभुर्जी. त्याला कुणी हसलं असतं तर?

अठराचा मी इथे लगेच भांडायला उठतो: ते सगळं ठीक, पण गाणं म्हणून मोठं कोणतं? रचना बघा, एकाच गाण्यात तीन गाणी आहेत. मी त्याला गप्प करू शकत नाही, कारण मला अजूनही तसंच वाटतं. 'डान्सिंग क्वीन' मला आवडतं, पण पहिलं? नाही. माफी मागायची म्हणून पहिला नंबर द्यायचा, हे त्या गाण्यालाही कमीपणाचंच. आणि 'बोहेमियन'चं नाव तोंडावर आलं की मागोमाग टमरेल येतं. म्हणून विषय बदलतो.

परवा एका मित्राच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही चौघं पुन्हा एका हॉलमध्ये होतो. आमचं बोलणं तब्येत, मुलं, सुपर कॉरिडॉरवरचे जागेचे भाव, एवढंच. डीजेनं 'डान्सिंग क्वीन' लावलं. तो स्टेजपाशी उभा होता, हातात आइस्क्रीमची वाटी, आणि ओठ हलत होते. मी खुर्च्या ओलांडत जवळ गेलो. टँबरीनच्या ओळीला अगदी शेजारी होतो. स्पीकर एवढे मोठे होते की तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.