बंदूक कुलुपात, मग बाटली

हात तीनदा साबणाने घासले तरी वास जात नव्हता. ओली लोकर, रक्त आणि पीट. पीट म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरांवरची काळी, भिजकी, हजारो वर्षं कुजत आलेल्या शेवाळाची माती. त्या दिवशी सकाळपासून मी तिच्यातून पोटावर सरपटत होतो. स्टॉकरच्या, म्हणजे आमच्या शिकारीच्या वाटाड्याच्या, स्वयंपाकघरात तव्यावर हरणाची कलेजी कांद्याबरोबर तडतडत होती आणि टेबलावर व्हिस्कीच्या तीन बाटल्या होत्या. एक माझी, एक शेजारच्या आजोबांची, एक घरची.

चवीत माझी तिसरी आली. ती का आली, हे सांगण्यासाठीच हे सगळं लिहितोय.

ग्लासगोला आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. इंजिनिअर होते, आता सत्तरीपार. गेली तीस वर्षं दर ऑक्टोबरात ते जुरा बेटावर हरणाच्या शिकारीला जातात. नेहमीचा जोडीदार यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येणार नव्हता, म्हणून त्यांनी मला विचारलं. "तू गोळी झाडू नकोस, नुसता चल. डोंगर बघ." मी कुडाळचा. माझ्या पणजोबांच्या पारधीच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आमच्याकडे शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. तरी मी हो म्हणालो.

जाताना हातात काहीतरी न्यायला हवं. शिकार झाल्यावर व्हिस्की उघडतात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून दोन आठवडे मी बाटली शोधण्यात घालवले. ग्लेनफिडिक या व्हिस्कीच्या नावाचा गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, अर्थच हरणांची दरी, पण ती तर विमानतळावरही मिळते. शेवटी डॅलमोर घेतली, बारा वर्षांची. तिच्यावर चांदीच्या रंगाचं, बारा टोकांच्या शिंगांचं हरणाचं मुंडकं असतं. १२६३ साली चवताळलेल्या हरणाच्या तावडीतून राजा तिसऱ्या अलेक्झांडरला मॅकेंझी घराण्याच्या पूर्वजाने वाचवलं आणि ते मुंडकं बक्षीस म्हणून त्यांच्या निशाणावर आलं, अशी आख्यायिका आहे. पुढे डॅलमोरची डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचा कारखाना, त्याच घराण्याकडे गेली. हरणाच्या शिकारीला हरणाची बाटली, याहून शोभेल असं मला काही दिसत नव्हतं.

ग्लासगोहून लॉख लोमंड या तळ्याच्या काठाने केनाक्रेग बंदर, तिथून दोन तासांच्या बोटीने आयला बेटाचं पोर्ट अस्केग, आणि समोरच्या अरुंद सामुद्रधुनीतून पाच मिनिटांत जुरा. एक रस्ता, एक पब, व्हिस्कीची एक डिस्टिलरी. माणसं साधारण दोनशे, हरणं पाच हजारांच्या वर. पहिला पूर्ण दिवस पावसात गेला.

संध्याकाळी बारमध्ये आमच्यासारखेच शिकारीला आलेले चार पाहुणे बसले होते. त्यांना त्या दिवशी हरीण मिळालं होतं. फोनवर शिंगांचे फोटो, प्रत्येक फोटोमागे एक घोट, आणि डोंगरावरच फ्लास्क कसा रिकामा केला याच्या मोठमोठ्याने गोष्टी. मला ते फार खुपलं. जनावर मारल्यावर इतक्या लवकर स्वतःची पाठ थोपटू नये. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची फक्त खिडकीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाऊस थांबला होता. स्टॉकर म्हणजे इस्टेटीचा पगारी माणूस. वारा, वाटा आणि प्रत्येक कळपातली हरणं त्याला माहीत असतात, आणि कुठलं मारायचं हे तो ठरवतो, पाहुणा नाही. इथला पन्नाशीचा होता, बोलायला कमी. चालता चालता त्याने एवढंच सांगितलं की लांडगे कधीच संपले, त्यामुळे हरणांना आता माणसाशिवाय शत्रू नाही. ती वाढली की झाडांची रोपटी उगवू देत नाहीत. म्हणूनच २०२३ पासून स्कॉटलंडमध्ये नरांसाठीचा बंदीचा काळ काढून टाकला. "देखणा नर मी तुम्हाला देणार नाही," तो म्हणाला. "म्हातारा देईन, ज्याला हा हिवाळा जड जाईल."

ऑक्टोबर हा त्यांचा माजावर येण्याचा महिना. नर खाणंपिणं सोडून दरीभर डरकाळ्या फोडत असतात. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती डरकाळी. म्हशीचं हंबरणं आणि लाकूड करवतणं एकत्र केलं तर साधारण तसं. वारा तोंडावर घेत आम्ही एका ओहळातून वर सरकलो. दुपारी एका खडकाआड बसून बायकोने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. स्टॉकरने चार खाल्ल्या आणि पाचवी कोटाच्या खिशात ठेवली.

तिथून सामुद्रधुनीपलीकडचा आयलाचा किनारा दिसत होता. पाण्याला लागून दगडी गोदामांची रांग, आणि जवळच खडकांवर आडवं झालेलं एक गंजकं जहाज. ते १९७४ साली तिथे रुतलं, ते आजही तिथेच आहे. "ती बुन्नाहावन," स्टॉकर म्हणाला. १८८१ ची डिस्टिलरी. नावाचा अर्थ नदीचं मुख. मी मान हलवली आणि विसरून गेलो.

साडेतीनच्या सुमारास तो नर दिसला. शिंगं एका बाजूला खुरटलेली, पाठ वाकलेली. शेवटचे दोनशे मीटर आम्ही कोपरांवर गेलो, पाऊण तास लागला. आजोबांनी बंदूक खांद्याला लावली तेव्हा मी त्यांच्या बुटांशी पडलो होतो. मला नर दिसतही नव्हता, फक्त बुटांच्या टाचा दिसत होत्या आणि त्या हलत नव्हत्या. एक आवाज. मग डरकाळ्या थांबल्या, सगळ्या दरीतल्या. कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग लांबवर एकाने पुन्हा सुरुवात केली.

जवळ गेलो. आजोबांनी टोपी काढली नाही, काही म्हटलं नाही, फक्त मानेवरच्या दाट केसांत हात घालून थोडा वेळ बसले. स्टॉकरने बाह्या सारल्या आणि पोट फाडलं. इथे याला ग्रालक म्हणतात. आतडी तिथेच काढून टाकायची, नाहीतर मांस खराब होतं. मला त्याने एक मागचा पाय धरायला सांगितला. खूर थंड होता आणि मांडी गरम होती. आतून वाफ निघत होती. माझ्या हाताच्या पंजाएवढं यकृत काढून त्याने पारखलं, उलटंसुलटं केलं, डाग नाही ना ते पाहिलं, आणि पिशवीत घातलं. ती मांडी गार होत गेली ते मला तळव्याला कळत होतं.

माझ्या जॅकेटमध्ये फ्लास्क होता. डॅलमोर भरून आणलेला. मला वाटलं आता वेळ झाली. मी झाकण फिरवलं आणि स्टॉकरने रक्ताळलेला हात मनगटानेच माझ्या हातावर ठेवला.

"बंदूक कुलुपात गेली की मग."

रागावून नाही. मुलाला चुलीपासून बाजूला करावं तसं. मी झाकण लावलं. आदल्या रात्री बारमधल्या माणसांवर मी चिडलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी मीही डोंगरावर तेच करायला निघालो होतो, हे मला तिथल्या तिथे कळलं. कान गरम झाले.

पुढचे दोन तास नुसतं काम होतं. दोरीने ओढत धूड आठ चाकी गाडीपर्यंत आणलं. लार्डरमध्ये, म्हणजे मांस ठेवायच्या थंड खोलीत, टांगलं, वजन केलं, जबडा काढून दातांवरून वय पाहिलं, फरशी धुतली. बंदूक पुसली, तेल दिलं, पोलादी कपाटात गेली, किल्ली फिरली. त्या किल्लीचा आवाज झाला आणि स्टॉकर प्रथमच हसला. "आता या."

मला पणजोबांच्या गोष्टीतला एक तपशील त्या क्षणी आठवला. पारधीहून आल्यावर आधी रानडुकराचे वाटे पडत. हाकाऱ्याला, कुत्र्याच्या मालकाला, रानातून नुसता सोबत आलेल्यालाही. वाटे घरोघर पोचल्याशिवाय काजूच्या दारूला कोणी हात लावत नसे. लहानपणी हा भाग मला कंटाळवाणा वाटायचा.

आता बाटल्या.

आधी माझी उघडली, पाहुण्याचा मान म्हणून. डॅलमोरमध्ये संत्र्याच्या सालीचा आणि नाताळच्या केकचा गोडवा आहे. घरी, जेवणानंतर, सोफ्यावर मला ती खूप आवडते. तिथे ती पोचलीच नाही. कलेजीचा घास, कांदा, मिरी, आणि त्यावर हा मऊ गोडवा. चाळीस टक्क्यांची ती व्हिस्की तोंडात येऊन विरून गेली. आजोबांनी "सुरेख आहे" म्हटलं आणि ग्लास संपवला. ते सभ्य गृहस्थ आहेत.

मग त्यांची लागावुलिन, सोळा वर्षांची. दर वर्षी हीच नेतात. मोड आणलेलं सातू पीटच्या धुरावर वाळवतात, त्याने तो वास येतो. आमच्या गावी पावसाळ्यात बंबात ओली लाकडं घातली की माजघरभर जो धूर होई तो, आणि वर दवाखान्यातल्या आयोडिनची छटा. जानेवारीतल्या रात्रीला याहून चांगलं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या नखांत पीट होतं, केसांत पीट होतं, नाकात पीट होतं. मला आणखी धूर नको होता. आजोबांना नेमका तोच हवा होता. "दिवस इथे संपू नये म्हणून," ते म्हणाले. यावर वाद घालता येत नाही.

शेवटी घरची. बुन्नाहावन, बारा वर्षांची. समोरच्या किनाऱ्यावरची तीच. आयलाच्या बहुतेक व्हिस्क्या धुराच्या, हिच्यात धूर जवळजवळ नाही. शेरी नावाची स्पॅनिश वाइन ज्या पिंपांत मुरते तसल्या पिंपांचा तिच्यात मोठा हात असतो, आणि ताकद ४६.३ टक्के, त्यामुळे कलेजीपुढे ती मागे हटत नाही. स्टॉकरने चमचाभर पाणी घातलं, तेवढंच. आधी मनुका आणि खारीक, मग भाजलेले काजू, आणि गिळल्यावर ओठांवर मीठ. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहून ओठ चाटले की लागतं तेवढंच मीठ. मी ग्लास खाली ठेवला आणि लक्षात आलं की हाताचा वास मला मघापासून आला नव्हता.

मी विचारलं, ही का ठेवता? स्टॉकर म्हणाला, "दुपारी तिच्याकडे बघतो. रात्री पितो."

कोणी ग्लास उंचावला नाही. शिंगांचा विषय निघाला नाही. म्हाताऱ्या नराचे दात किती झिजले होते यावर ते दोघं बराच वेळ बोलले आणि मी ऐकत राहिलो. प्रत्येकी तीन लहान पेग, त्याहून जास्त नाही. परत आम्हाला स्टॉकरच्या बायकोने गाडीने सोडलं. तिने थेंबही घेतला नव्हता. इथे २०१४ पासून गाडी चालवणाऱ्याच्या शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅमच अल्कोहोल चालतं, इंग्लंडमध्ये ऐंशी. बेटावर एकच रस्ता आहे, पोलीस क्वचितच दिसतात, आणि तरी तिने पाळलं.

तिथे स्वतःची बाटली नेणार असाल तर एकच सांगतो: घरमालकाची उघडू द्या. माझी सत्तरएक टक्के भरलेली डॅलमोर मी तिथेच ठेवून आलो.

निघताना आजोबांनी लार्डरमधून आधीच्या आठवड्यात टांगलेल्या हरणाचं दोन किलो मांस विकत घेतलं आणि अर्धं आम्हाला दिलं. बायकोने मालवणी मसाला घालून सुकं केलं, बरोबर तांदळाची भाकरी. चरबी नसल्याने ते मटणापेक्षा पटकन कोरडं पडतं, म्हणून तिने थोडा नारळाचा रस शेवटी सोडला. आजोबा आपली लागावुलिन घेऊन आले. मी दुकानातून आणलेली बुन्नाहावन काढली. त्यांनी त्यांची ओतली, मी माझी. मग त्यांनी माझ्या ग्लासातला वास घेतला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आज तो स्टॉकर तिच्याकडे बघत असेल का रे? दुपारी धुकं होतं म्हणे तिकडे."