आमची वाटचाल : आधी मेकॅनिझम, मग मुलामा

बेळगावात लाकडी पेन कातायचं ठरवलं तर निम्मी सोय आधीच हाताशी असते. उद्यमबागेत लेथवाले, टूल्सची दुकानं आणि जॉबवर्क करून देणारे कारागीर आहेत. खानापूरकडच्या वखारींत आणि फर्निचरच्या कारखान्यांत साग, फणस, शिसव यांचे उरलेले तुकडे मिळतात. अडतं ते पेनच्या धातूच्या भागांपाशी. या भागांचे संच, म्हणजे किट, बहुतेक तैवान आणि चीनमध्ये बनतात आणि इथल्या हातात पडेपर्यंत त्यांचा दर्जा खोक्यागणिक बदललेला असतो. त्यामुळे आमच्या व्यवसायाची वाटचाल म्हणजे बरीचशी हे भाग पारखायला शिकण्याचीच वाटचाल आहे.

खर्चाचा आमचा हिशोब ठरलेला आहे. एका पेनच्या सामानावर शंभर रुपये घालायचे असतील तर साठ रुपये मेकॅनिझम (फिरवून रिफिल आत-बाहेर करणारा भाग), टोक आणि रिफिल यांचे. क्लिप, मधली रिंग, मुलामा आणि लाकूड हे सगळं उरलेल्या चाळीसांत बसवायचं. गिऱ्हाईक पेन हातात घेतं ते लाकूड बघून, पण वर्षभर वापरतं ते फिरवून. फिरवताना कचकच झाली किंवा लिहिताना टोक हललं, की कितीही सुंदर शिसव असली तरी ते पेन ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं.

सुरुवात आम्ही 7 मिमी स्लिमलाइनने, म्हणजे दोन नळ्यांच्या बारीक पेनच्या किटने, केली आणि नव्याने हे काम करणाऱ्यालाही तेच सांगतो. किट स्वस्त, ड्रिल साधं 7 मिमीचं, मँड्रेल (तुकडा लेथवर धरणारी सळई) आणि बुश (तिच्यावर बसणाऱ्या, कातायचं माप दाखवणाऱ्या रिंगा) सहज मिळणारे. दोन पितळी नळ्या, टोक, ट्विस्ट मेकॅनिझम, मधली रिंग, क्लिप आणि वरची टोपी, एवढंच सामान. रिफिल मात्र बारीक, क्रॉस या पेन कंपनीच्या पद्धतीची. तिच्या शेपटीला प्लॅस्टिकच्या आट्या असतात आणि ती मेकॅनिझममध्ये पिळून बसते. स्प्रिंग नसते, मेकॅनिझमच रिफिल पुढे ढकलतं आणि मागे ओढतं. म्हणून रिफिल बोटाने अलगद पिळावी. जोर लावला की आट्या मरतात आणि मग टोक आत जायचं बंद होतं.

स्लिमलाइनमध्ये सगळ्यात जास्त माल बिघडतो तो मेकॅनिझम दाबताना. खालच्या नळीत आधी टोक बसवायचं, मग दुसऱ्या बाजूने मेकॅनिझमचं पितळी तोंड आत सारायचं. त्याच्या अंगावर एक खाच असते, पण ती खूण अंदाजापुरतीच धरावी. खाचेच्या दोनेक मिलिमीटर आधी थांबावं, रिफिल लावून फिरवून बघावं आणि मग थोडं थोडं दाबत जावं. रिफिलचं टोक सुमारे 3 मिमी बाहेर आलं की थांबायचं. कमी दाबलं तर पुन्हा दाबता येतं. जास्त दाबलं तर बंद पेनमधूनही टोक डोकावतं आणि खिशाला शाई लागते. मग मागून पंच घालून ठोकून काढावं लागतं, त्यात लाकडाचं तोंड फुटण्याची भीती मोठी. दाबायला महागडा प्रेस लागत नाही. बाकाला घट्ट बसवलेला व्हाइस आणि त्याच्या जबड्यांना लावलेले सागाचे दोन सपाट तुकडे पुरतात. दोन्ही जबडे समांतर हवेत, नाहीतर टोक तिरकं घुसतं.

पुढे आम्ही जास्त माल एका नळीच्या, पार्कर पद्धतीची रिफिल घेणाऱ्या पेनांकडे वळवला. कारण सरळ आहे. ही रिफिल साधारण 98 मिमी लांब आणि 6 मिमी जाड असते आणि बेळगावच्या गणपत गल्लीपासून निपाणी, चिकोडीच्या स्टेशनरी दुकानांपर्यंत कुठेही मिळते. क्रॉस पद्धतीची रिफिल संपली की गावाकडच्या गिऱ्हाइकाचा फोन आम्हालाच येतो. शिवाय या पेनात मेकॅनिझम खालच्या धातूच्या भागावर आट्यांनी बसतं, खोली अंदाजाने धरावी लागत नाही. किटचा दर जास्त असला तरी बिघडणारे नग कमी, म्हणून हिशोब जुळतो. फक्त ड्रिल बघून घ्यावं. या नळ्या बऱ्याचदा इंची मापाच्या असतात. 27/64 इंचाचं ड्रिल म्हणजे 10.7 मिमी. उद्यमबागेत 0.1 मिमीच्या टप्प्याने ड्रिल मिळतात, तेव्हा 10.7चंच मागावं आणि 10.5वर भागवू नये. घट्ट भोकात नळी रेटली की गोंद पुसला जातो आणि कातताना लाकूड नळीवरून सुटतं.

नवा पुरवठादार असला की आधी एकाच प्रकारचे पाच नमुने मागवतो. मेकॅनिझम हातात धरून शंभरेक वेळा फिरवतो. सुरुवातीला घट्ट आणि नंतर सैल होत गेलं तर तो माल नाकारतो. उघड्या स्थितीत ते ठाम थांबलं पाहिजे, बोटाने टोक टेकवल्यावर मागे सरकता कामा नये. मग दुकानात मिळणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिफिल घालून बघतो. त्यांच्या लांबीत थोडा फरक असतोच. एकाच कंपनीच्या रिफिलवर नीट चालणारं पेन आमच्या उपयोगाचं नाही. टोकाच्या भोकात रिफिल आडवी हलवावी. हाताला खडखड जाणवली तर लिहितानाही ती जाणवणार.

धातू ओळखायला कानस पुरे. टोकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला एक हलका ओरखडा काढावा. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतकाम. जस्ताच्या ओतकामाच्या आट्या लवकर झिजतात आणि मुलामा उडाला की घामाने त्यावर खड्डे पडतात. वरची टोपी जस्ताची चालेल, तिच्यावर ताण येत नाही. टोक आणि आट्यांचा भाग मात्र पितळेचाच घ्यावा. क्लिपला लोहचुंबक लावून बघावा. चिकटली तर पोलादी, म्हणजे वाकवल्यावर परत जागेवर येण्याची शक्यता जास्त. पितळी क्लिप जाड कापडाच्या खिशाला दोन-चार वेळा लावली की उघडीच राहते.

मुलाम्याबद्दल गिऱ्हाईक आणि आमचं मत बहुधा वेगळं पडतं. सोनेरी पेन लग्नात, निवृत्तीच्या समारंभात भेट द्यायला सगळ्यांना हवं असतं. स्वस्त सोनेरी मुलामा अगदी पातळ असतो. जिथे बोटं धरतात तिथे, म्हणजे टोकाजवळ, तो आधी जातो आणि मग क्लिपच्या गोळीवर. गोव्याकडे जाणाऱ्या पेनांचं तर खाऱ्या हवेत आणि घामात आणखी लवकर रूप जातं. म्हणून रोजच्या वापरासाठी आम्ही क्रोम सांगतो. गिऱ्हाइकाला सोनेरीच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा थर असलेलं किट घ्यावं. रंग सोनेरी आणि थर कितीतरी कठीण. दर चढतो, पण तो वाढीव दर आम्ही गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगतो. टेबलावर ठेवायच्या, क्वचित वापरायच्या पेनाला साधं सोनेरी चालतं, आणि तेही स्पष्ट बोलूनच देतो.

नळ्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात. गठ्ठ्यातली प्रत्येक नळी व्हर्नियरने मोजावी. बाहेरचा व्यास एकसारखा नसेल तर एकाच ड्रिलवर काही नळ्या सैल, काही घट्ट. आतला व्यास मोठा निघाला तर टोक सैल बसतं. त्याला सायनोचा, म्हणजे झटपट धरणाऱ्या सुपरग्लूचा, एक थेंब चालतो, पण गठ्ठाच तसा असेल तर परत पाठवणं बरं. पावसाळ्यात पितळेवर मळकट थर चढतो, त्यावर गोंद धरत नाही. म्हणून चिकटवायच्या त्याच दिवशी 150 किंवा 180 नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी घासावी. नळीची तोंडं मेणाने बंद करावीत, म्हणजे आत गोंद शिरत नाही. आत गोंद वाळून राहिला तर पुढे टोक दाबताना लाकडाला उभी चीर जाते. आणि चीर जायला वेळ लागत नाही, कारण स्लिमलाइनमध्ये नळीभोवती लाकूड जेमतेम 0.6 ते 0.7 मिमी उरतं. गोंद म्हणून संथ वाळणारं एपॉक्सी आम्हाला सायनोपेक्षा भरवशाचं वाटतं. ते मोकळी जागा भरतं आणि नळी बसवताना मध्येच पकडत नाही. एक रात्र वाळल्यावर ट्रिमरने (तोंड सपाट कापणाऱ्या पात्याने) दोन्ही तोंडं पितळ चमकेपर्यंत काटकोनात करावीत. तोंड तिरकं राहिलं तर मधल्या रिंगपाशी फट दिसते आणि ती कुठल्याही पॉलिशने झाकत नाही.

लाकडावर खर्च कमी ठेवता येतो, कारण 19 × 19 × 130 मिमीचा तुकडा वखारीतल्या उरल्यासुरल्या मालातूनच निघतो. शिसवीचा तुकडा असेल तर बिल मागून घ्यावं. शिसवीच्या तोडीला वनखात्याची परवानगी लागते आणि 2017पासून शिसव ज्यात मोडते त्या डाल्बर्जिया प्रजातीतल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. परदेशात पेन पाठवायचा विचार असेल तर फणस, चिंच, बाभूळ घ्यावं. फणसाचा पिवळा रंग वर्षभरात गडद होतो, हेही विकताना सांगावं.

आपल्या जिल्ह्यात लाकडाची खरी परीक्षा हवा घेते. पश्चिमेला खानापूर, जांबोटीकडे मुसळधार पाऊस; पूर्वेला अथणी, रायबागकडे कोरडी हवा. जुलैत ओलसर लाकडाचं पेन करून अथणीला दिलं तर उन्हाळ्यात ते टोकापाशी तडकतं. लाकूड आकसतं, पितळ आकसत नाही. म्हणून ब्लँक, म्हणजे पेनसाठीचे चौकोनी तुकडे, कापून, टोकांना मेण लावून ठेवतो आणि 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला वजन करतो. सलग दोन आठवडे वजन तेच राहिलं की कातायला घेतो. पावसाळ्यात तयार ब्लँक सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणबंद डब्यात. भोक पाडताना ड्रिल दर सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा झाडावा. तापलेलं ड्रिल शिसवीतही आतून बारीक चिरा पाडतं, ॲक्रिलिक तर सरळ तडकतं. कातून झाल्यावर लाकडावर सायनोचे सहा ते आठ पातळ थर देतो. हवा दमट असताना घाईने ॲक्टिव्हेटर (सायनो लवकर वाळवणारा फवारा) मारला की थर पांढुरका पडतो, तेव्हा पावसाळ्यात थर आपोआप वाळू द्यावेत.

खरेदीत आमचा एक आग्रह आहे. पाच रंगांचे दहा-दहा किट घेण्यापेक्षा एकाच मुलाम्याचे पन्नास घ्यावेत. दर सुधारतो आणि एका नगाचा बिघडलेला भाग दुसऱ्यातून भरून काढता येतो. सुटी मेकॅनिझम मिळत असतील तर पन्नास किटमागे पाच जादा मागवावीत. दुरुस्तीला आलेलं पेन तसंच परत पाठवावं लागत नाही. बुश कातताना झिजत जातात, त्यामुळे मूळ व्यास कागदावर लिहून ठेवावा आणि शेवटचं माप बुशवर विसंबून न राहता व्हर्नियरने घ्यावं. झिजलेले बुश उद्यमबागेत माइल्ड स्टीलमध्ये पुन्हा कातून मिळतात, बाहेरून मागवण्यापेक्षा स्वस्तात.

आता टोकंही इथेच करून घ्यायला सुरुवात केली आहे. आयएस 319 या भारतीय मानकाच्या पितळी सळईतून ट्रॉब मशीनवर (आपोआप कातणाऱ्या लेथवर) ती निघतात. सेटिंगचा खर्च असल्यामुळे थोडे नग परवडत नाहीत, पण वर्षाची गरज एकदम काढली तर परवडतात. ड्रॉइंगवर दोन मापं आम्ही ठळक लिहितो. भोक रिफिलच्या टोकाच्या मोजलेल्या व्यासापेक्षा 0.1 मिमी मोठं, आणि नळीत शिरणारी मान नळीच्या आतल्या व्यासापेक्षा 0.03 ते 0.05 मिमी जाड. मुलाम्याचा थर या दोन्ही मापांत धरलेला असावा लागतो. व्यासात भोक थराच्या दुपटीने लहान होतं आणि मान दुपटीने जाड, म्हणून पहिले दहा नग मुलामा चढवून, दाबून बघितल्याशिवाय बाकीच्यांना हिरवा कंदील देत नाही.